अकरा मिनिटं

हजिऱ्याच्या पुढे, मिलच्या दोन नंबर गेटासमोर
पांढरी अ‍ॅम्बेसेडर अकरा मिनिटं उभी होती.
संपाचा एकेचाळिसावा दिवस.
ग्वाल्हेरचं जानेवारीचं धुकं,
किल्लासुद्धा गैरहजर.

गाडीत मागे मंत्रीजी आणि युनियनचे अध्यक्ष.
काचा वर.
ड्रायव्हरला म्हणाले, जरा पाय मोकळे करून या.
ड्रायव्हर म्हणजे आमचे बाबा,
यशवंत बापूराव धायबर, सरकारी मोटारखाना, बिल्ला नंबर सतरा.
अकरा मिनिटं ही मोजणी त्यांचीच;
तेव्हा मनगटावर नवीन घड्याळ होतं.

संध्याकाळी संप मिटला.
मिटला, मिटवला की मोडला,
या एका क्रियापदावरून
आमच्या घरी भरली ताटं सरकवली गेली आहेत.

जिवबामामा म्हणायचे, अध्यक्ष विकला गेला.
बंद काचेआड काय नामस्मरण चालतं?
आणि सरकारचं काय काम मधे पडायचं?
मालक जाणे, मजूर जाणे.

भोइटेकाका म्हणायचे, सरकारनं नाही तर कुणी पडायचं मधे, शेजारणीनं?
अध्यक्षानं एकट्यानं मान खाली घातली
म्हणून तीनशे चुली पेटल्या.

मग दोघंही वळायचे:
यशवंता, तू तर होतास तिथे.
बाबा ताटातली मिरची कडेला ठेवत म्हणायचे,
मी बाहेर होतो.

दर मंगळवारी किशनलाल माहौर यायचा.
रिंगखात्यातला. परत घेतलेल्यांच्या यादीत नाव नव्हतं.
ओट्यावर बसायचा, आत यायचा नाही.
"भैयाजी, अंदर मेरा नाम लिया था क्या किसी ने?"
बाबा त्याला चहा द्यायचे, बशीसकट,
आणि काच बंद होती म्हणून सांगायचे.
मंगळवार, मंगळवार, मंगळवार.
मग एकदा तो आला नाही.
थंडीत इंदरगंजच्या चौकात गजक विकताना दिसला,
बाबांकडून पैसे घेईना.

तीन वर्षांनी सरकार पडलं.
रोडवेजचा संप झाला, नवे मंत्री,
अध्यक्ष मात्र तेच,
आता मामांच्या पक्षात.
मामा म्हणाले, सरकारनं मधे पडायलाच हवं,
माणूस दूरदृष्टीचा आहे.
भोइटेकाका म्हणाले, विकला गेला.
मी वाढत होते. वाक्यं ओळखीची होती,
नुसती पाटावरून पाटावर गेलेली,
जाताना धक्का लागून वरण सांडलेलं.

बाबांनी मला एकदाच सांगितलं, मटार सोलताना.
काच आतून वाफेनं भरली होती.
एक बोट आलं. आकडा लिहिला. पुसला.
दुसरा लिहिला.
मला बाहेरून उलटा दिसत होता, गं,
आणि मी नववी नापास.
बोट कुणाचं, मी विचारलं.
अंगठी नव्हती, म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले, दोघांच्याही हातात नव्हती.
आणि टरफलांमधे चुकून गेलेले दाणे वेचू लागले.

मामा गेले. भोइटेकाका गेले;
मामांच्या तेराव्याला शेवटची जिलबी त्यांनीच मागून घेतली होती.
मिलच्या जागी काय होणार यावर
आता त्यांची मुलं फोनवर भांडतात.

परवा बाबांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं.
भाच्याची गाडी. बाबा पहिल्यांदाच मागे बसले,
हात कुठे ठेवावेत ते कळेना.
पडावच्या सिग्नलला धुकं.
त्यांनी काचेवर श्वास सोडला,
बोटानं काहीतरी लिहिलं,
मला म्हणाले, उतर जरा. बाहेरून बघ.

उतरले. मागे रिक्षावाले ओरडत होते.
अक्षरं होती की आकडा,
मी चष्मा पुसेपर्यंत
त्यांनी काच पुसली होती.