जंगी

नौकूडच्या शाळेत मतपेट्या आल्या
बैलगाडीतून, पिंजरावर निजवून.
मास्तरांनी यादी वाचली:
नाईकवडी, बाळा मालू. वय त्रेपन्न.
मी लगेच उठलो नाही.

आमच्या घरातलं नाव याआधी
एकदाच चढलेलं सरकारी यादीत.
पणजा येसबा, सामानगडचा शिबंदी.
गुन्हा: दार लावून घेतलं.

वतन काढलं, वर मामलेदार बसवला,
विचारलं कुणी नव्हतं.
म्हणून आतनं अडसर घातला,
आणि मग, म्हातारी माणसं सांगायची,
खालनं पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं:
तुमचं म्हणणं तरी काय?

ऐकायला थांबले नाहीत. तोफा आल्या.

येसबामुळं ही पेटी आली
असं मी म्हणणार नाही. मधे शंभर वर्षं गेली,
आणि कितीक माणसं,
ज्यांची यादीसुद्धा कुणी केली नाही.

पण बोटाला शाई लागली, पेटीची फट दिसली
आणि तटातली जंगी आठवली.
तेवढीच अरुंद, आत तसाच अंधार.

कागद सोडला.
आवाज झाला नाही.
सवय नव्हती,
थोडा वेळ कान देऊन उभा राहिलो.