बटणावरचा अंगठा

हनुवटी इथं. कपाळ पट्टीला टेकवा.
मधल्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही.
आजूबाजूला कुठंही उजेड चमकला की बटण दाबा,
अगदी फिकट असला तरी.
गुदैबियाच्या या खोलीत दिवसातून वीसदा म्हणते मी हे,
हिंदीत, मल्याळममध्ये, मोडक्या अरबीत.
आज बऱ्याच दिवसांनी मराठीत.

अशफाक सारंग, वय एकावन्न, गाव हर्णै.
हिद्दच्या बंदरावर क्रेन चालवतात.
चाळीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात बसून
कंटेनर उचलतात, पाटावरून तांब्या उचलावा तसा.
तक्रार काही नाही.
फक्त मागच्या महिन्यात जिन्याची एक पायरी
पायाखाली आलीच नाही.

पांढऱ्या घुमटात दिवे लागू लागले.
टक्. टक्. टक्.
दिवा लागला की टक्, न लागताही टक्.
मशीन मधूनच मुद्दाम गप्प राहतं, हे त्यांना कुठं ठाऊक.
त्या रिकाम्या क्षणांतही अंगठा पडत राहिला,
हजेरीपटावर पडावा तसा.

कागद बाहेर आला गोरापान,
आणि खाली बारीक अक्षरांत: भरवसा धरू नये.

"बाय, ठीक हाय ना?"
मी शेजारच्या पडद्यावर त्यांची नस दाखवली.
केशरी बिंब, त्यात फिकट वाटी,
खोल होत होत काठाला भिडलेली.
दाब एकतीस.
मशीनला फसवता येतं, चाचा. वाटीला नाही.

मोतीबिंदू असेल, ते म्हणाले.
इथं तर पूर्वी माणसं नाकाला चिमटा लावून
समुद्रातून मोती काढायची.
तसा काढून टाका.
काचबिंदू आहे हा.
मोती काढता येतो. काच आतल्या आत कुरतडते,
आणि वाळल्या नसेला पालवी फुटत नाही.

ते अंगठ्याकडं बघत बसले.
"पोरीचं फार्मसीचं शेवटचं वर्ष.
क्रेनवरून उतरवतील मला."
उतरवतील, हे मी म्हटलं नाही.
खोक्याखाली उभी असणारी माणसं आठवली,
पिवळ्या टोप्यांची, कंटेनरच्या सावलीत चहा पिणारी.
तेही म्हटलं नाही.
म्हटलं, परत करू या. पट्टी बांधते.

सात मिनिटं.
टक्.
मग नुसता एसीचा आवाज.
माझ्या पडद्यावर दिवे लागत होते,
नाकाच्या बाजूला, वरच्या अंगाला, एकामागून एक,
आणि अंगठा खरं बोलत होता,
म्हणजे गप्प होता.

या वेळी कागदावर काळी चंद्रकोर.
त्यांनी ती बोटानं गिरवली.
"ईदची असती तर…" म्हणाले,
आणि वाक्य तिथंच सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले, रोज रात्री दहाला एक.
बाकीचं माझ्याकडं. थेंब टाकला की डोळा मिटायचा,
नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा,
नाहीतर औषध घशात उतरतं.
बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही,
कारण वाईटही कधी वाटलं नव्हतं.
तीन महिन्यांनी परत यायचं.
गावाकडच्या भावांनाही तपासून घ्या,
ही वाटी घरातल्या घरात वाढली जाते.
गेलेलं येत नाही, चाचा. उरलेलं राखायचं.

परवा त्यांचा फोन आला.
आता गेटवर ट्रकांचे नंबर लिहून घेतात,
पंचेचाळीस दिनार कमी.
बाटली सामाईक फ्रिजमध्ये असते,
आठ जणांच्या दह्यामाशांत, नाव लिहून.
दहा वाजले की खोलीतला नेपाळी पोरगा ओरडतो,
"बाबा, आँख!"
मग दोन मिनिटं कोपरा दाबून बसायचं.
तेव्हा मिटल्या डोळ्यात, म्हणाले,
हर्णैचं दीपघर फिरतं.
दिसतं, नाही दिसत, पुन्हा दिसतं.
"आणि अंगठा उगाच हलतो, बाय.
बटण शोधतो."