धुऊन झाल्यावर

रविवारीही त्यांना भरवावं लागतं.
तार्तूच्या रस्त्यावर खारवलेला बर्फ, नदी अर्धी गोठलेली,
आणि मी कार्ड टेकवून तिसऱ्या मजल्यावर,
पांढऱ्या कोटाखाली घरातलाच स्वेटर.
सदतीस अंशांचं कपाट उघडलं की
चष्म्यावर वाफ धरते. थांबते.
मग दिसतात चोवीस खाचा,
प्रत्येकीत गुलाबी पाण्याचा एक घोट.

ही कुणाच्या तरी कोपराची कातडी होती.
दाता अकरा, पुरुष, वय चोपन्न,
याहून जास्त मला ठाऊक नाही.
कातडीला मागे नेलं, जिथून काहीही होता येतं तिथवर,
आणि पुन्हा पुढे, हलक्या हाताने, मज्जापेशींच्या वाटेला.
सत्तर दिवस लागले.
तो माणूस कुठेतरी अंगणातला बर्फ उपसत असेल.
त्याला कुठे माहीत, की त्याच्या कोपराला
धागे फुटलेत, आणि ते एकमेकांना चाचपतायत.

आज थेंब द्यायचे.
बारा खाचांना डेक्सामेथासोन,
बारा खाचांना नुसतं अल्कोहोल, ज्यात ते विरघळवलं होतं.
कुठली बाटली कुठली, टोनिसने सांगितलेलं नाही.
झाकणांवर फक्त एक पांढरा ठिपका, एक पिवळा.

स्टेरॉइड दार वाजवत नाही.
कितीतरी रेणूंना उंबऱ्यात ताटकळावं लागतं,
बाहेरूनच निरोप सांगून परतावं लागतं.
हे तेलातलं पोर, भिंतीतूनच आत येतं.
आत कुणी एक वाट पाहत बसलेला असतो,
त्याचा हात धरतं, दोघं गाभ्यात शिरतात
आणि जागा सापडेल तिथे डीएनएवर बसकण मारतात.
मग एखादं पान मोठ्याने वाचलं जातं,
एखादं कुजबुजत,
एखाद्यावर नुसता अंगठा दाबून धरला जातो.

नऊ वर्षांपूर्वी दोन सुया, माझ्या मांडीत.
तिसावा आठवडा, रात्रीचे दोन.
नर्स वाइके म्हणाली, बाळाची फुप्फुसं पिकायला हवीत.
पिकायला, हा शब्द तिचाच.
मला सासूबाईंचे हिरवे टोमॅटो आठवले,
सप्टेंबरात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले.
मी मांडी पुढे केली. पुन्हा विचारलं तरी करीन.
किर्केने पहिला श्वास स्वतःचा स्वतः घेतला.

औषध फुप्फुसांपाशीच थांबलं का,
हे त्या रात्री कुणी विचारलं नाही. मीही नाही.

किर्के आता हात वाळवायच्या यंत्राला घाबरते.
पहाटे चारला उठून मोज्यांच्या जोड्या लावते.
शाळेतून चिठ्ठी आली की मी ती
फ्रिजवर चुंबकाखाली ठेवते, उलटी.

तीन आठवड्यांनी आकडे आले.
पिवळा म्हणजे औषध, टोनिस म्हणाला.
पडद्यावर चारशे बारा ओळी,
चढलेली जनुकं लाल, उतरलेली निळी,
सगळ्यात वर एफकेबीपी-पाच, अपेक्षेप्रमाणे,
पहिल्या बाकावरच्या पोरासारखं हात वर करून.
त्याखाली ताणाची, दिवसरात्रीच्या घड्याळाची, सांधे जुळवणारी,
आणि काही अशी, जी कशासाठी आहेत
हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.
मी एका लाल ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, ही मोज्यांची.
टोनिस हसला नाही. म्हणाला, हेल्वे,
बशीत झोप नसते. बशीत आई नसते.
खरं आहे. बशीत शाळाही नसते.

दुसरी बशी आम्ही धुतली,
आठवडाभर साध्या पाण्यावर ठेवली, पुन्हा मोजली.
बऱ्याचशा ओळी जागेवर आल्या होत्या.
अडतीस आल्या नव्हत्या.
टोनिसच्या मते थोड्या.
माझ्या मते, रात्री एकेक करून मोजता येतील एवढ्या.

गुरुवारी किर्केला सुट्टी होती, म्हणून बरोबर आणली.
स्टुलावर उभी राहून तिने भिंगातून पाहिलं, बराच वेळ,
श्वास रोखून.
मग विचारलं, यांना आवाज ऐकू येतो?
नाही, म्हटलं.
मग बरंय, म्हणाली. आणि तरीही
कपाटाचं दार तिने दोन्ही हातांनी लावलं,
जराही न आपटता.