टोस्ट तिरका कापायचा

यादी चार पानांची झाली.
मारिविकनं ती उभ्या उभ्या वाचली, हसली नाही,
एवढ्यावरच मी तिच्यावर विश्वास टाकला.

टोस्ट तिरका कापायचा. सरळ कापला तर सोल्वेग खात नाही
आणि का, ते मला ठाऊक नाही. लोविसाला असेल,
पण ती चार वर्षांपूर्वी गेली, न सांगता.
फिट आली तर घड्याळ बघायचं, हात दाबून धरायचे नाहीत,
डोक्याखाली कोट दुमडून.
तीन मिनिटं. चौथ्याला फोन.
रात्री दिवा नको, पण दार पूर्ण मिटायचं नाही,
माझ्या मनगटाएवढी फट.
(माझं मनगट तुमच्याकडे नसेल. अंदाजानं घ्या.)

सेल्कर्कहून गिम्लीपर्यंत रस्ता सरळ,
मार्चातला, दोन्ही कडांना मळकं बर्फ.
शेजारच्या सीटचा पट्टा मी तसाच अडकवून ठेवला,
सीटवर कुणी नसताना.
खुळखुळू नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

एकेचाळीस वर्षांची मुलगी,
चौऱ्याहत्तरीचा बाप,
आणि शुक्रवार दुपार ते रविवार दुपार
एवढी उसंत. वर्षातून सहा वेळा, तीही जागा असली तर.

काय करतात लोक?
मी बटाटे सोलले. दोघांचे.
मग तळ्यावर गेलो. बर्फ अजून तीन फूट जाड,
आर्नीची पोरं भोकातून जाळं ओढत होती.
चाळीस हिवाळे मीही हेच केलं,
आता त्यांनी मला बादली पालथी घालून बसायला दिली,
पाहुण्याला देतात तशी.
मासे बर्फावर पडल्या पडल्या ताठ होत होते.
कुणीतरी विचारलं, सोल्वेग कुठंय?
आणि माझा चेहरा तापला,
जणू मी तिला कुठल्या दुकानात विसरून आलो.

त्या रात्री, हे सांगायला नको खरं तर,
मी नऊ तास झोपलो.
ओंडक्यासारखा. एकही कान जागा न ठेवता.
उठून थोडा रडलो, मग अंडी उकडली.

दुसरा कागद टेबलावर तीन महिने पडून आहे.
तुमच्यानंतर कोण.
इतकं उघड लिहिलेलं नाही, पण विचारलंय तेच.
ब्रिन्यार हो म्हणाला, माझ्या भावाचा मुलगा, कॅल्गरीहून,
लगेच म्हणाला. इतक्या लगेच
की त्याला प्रश्न कळला नसावा.
चांगला आहे पोरगा. बँकेचं बघेल, डॉक्टरांना सही देईल.
टोस्टचं त्याला फोनवर सांगता येईल.
ती गप्प झाली की तिच्या कुठल्या बाजूला बसायचं,
हे कसं सांगू?
शेवटच्या पानावर एक रकाना: संबंधित व्यक्तीचं मत.
बोटभर जागा.
तो मी दर वेळी ओलांडूनच वाचत आलो.

रविवारी तिनं मला दारातच पकडलं.
कोट घातलेला नव्हता. बाही धरून आत नेलं,
स्वयंपाकघरात, बोट सुरीकडे,
आणि बोथट सुरीनं, जीभ दातांत धरून,
तिनं स्वतः एक टोस्ट कापला.
सरळ. मधोमध.
अर्धा मला दिला. अर्धा खाल्ला.

“यादीत होतं,” मारिविक म्हणाली, “माफ करा.
पण तिनं सुरी मागितली.”

घरी येऊन मी दोन फोटो तिच्यापुढे ठेवले,
ब्रिन्यारचा, आणि शेजारच्या ओलेनाचा,
जिच्याकडे ती लोकर गुंडाळायला जाते.
कागद ठेवला. पेन ठेवलं.
कोण, मी विचारलं. मी नसलो तर.
हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता.
तिनं ब्रिन्यारचा फोटो बराच वेळ पाहिला,
ओलेनाचा खिशात घातला,
माझा कान ओढला, जोरात,
आणि उठून आत गेली.

खण उघडल्याचा आवाज आला.
सुऱ्यांचा खण.
मग टोस्टर खाली दाबल्याचा.

मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो,
दोन्ही हात गुडघ्यांवर.
उठलो नाही.