कामी येणे

पेंडेनिसच्या तटाखाली मरायची जागा
मला डेन्झिल ट्रेवेनाकडून मिळाली.
अठरा वर्षं तो इथंच मरत होता, दर ऑगस्टात,
सव्वादोनच्या सुमारास, तिसऱ्या तोफेनंतर.
यंदा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, पडायचं नाही.
म्हणून त्याला जिवंत ठेवलाय.

हा माणूस आमचा बॉयलर दुरुस्त करायला आला होता,
आणि जाताना मला सतराव्या शतकात घेऊन गेला.
त्याच्याच मापाचा लोकरी कोट,
बाह्या माझ्या बोटांच्या खाली.

काल संध्याकाळी शिकवलं:
आधी गुडघे, मग खांदा.
सशांच्या लेंड्या बघून पड.
भाला आधी सोड, नाहीतर खरंच मरशील.
पापणी हलली तरी चालतं,
पोरं तेवढ्यासाठीच तर येतात.

आमच्याकडं बखरीत लिहितात, अमका कामी आला.
मी सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं,
म्हणजे उपयोगी पडला?
हो म्हटलं, शब्द तोच.

तर पडलो.
गवतात एक खोलगट जागा, खांद्याशी रुंद,
माझ्या मापाची नव्हती.
मुंगी कॉलरमधून आत गेली.
वर किंकाळ्या, दारूचा धूर,
आणि कुठूनतरी तळलेल्या कांद्याचा वास.
किल्ल्यात तेव्हा घोडेसुद्धा खाऊन संपवले होते म्हणे.
शेजारचा मेलेला, टपालातला रोवन, हलकेच घोरत होता.

मग ढोल. मग दरवाजा.
शरण आलेले बाहेर पडत होते, निशाणं वर धरून,
तहच तसा झाला होता.
मला दिसले फक्त बूट.
बूट, बूट, आणि एक जोडी जरा चुकणारी,
डावा पाय तालाच्या मागं.

ती जोडी माझ्यापाशी थांबली.
मान न हलवता जेवढं दिसतं तेवढं पाहिलं:
उपाशी दिसावा म्हणून
गुबगुबीत गालांना राख फासलेली.
"वाचलं होतं तसं," वरून आवाज आला,
"पण इथं पडून ढोल ऐकले की
दर वर्षी वाटायचं, आपणच जिंकलो."

मेलेल्यानं बोलायचं नसतं.
लांब बाहीच्या आत मी एक बोट हलवलं,
पुढं हो म्हणून.
दिसलं असेल, नसेल.

चारला भोंगा झाला. रोवननं मला ओढून उभं केलं.
माणसं चहाच्या रांगेत लागली होती.
डेन्झिल एकटाच, टोपी हातात,
तो दरवाजा बघत होता,
ज्यातून आता एक बाई बाबागाडी ढकलत बाहेर येत होती.