आठ दिवसांनी ईस्टर

माझा ईस्टर दरसाल आठ दिवस उशिरा येतो.
कोर्टाच्या कागदावर तसंच लिहिलंय:
सणाचा रविवार आईकडे,
पुढचा माझ्याकडे.
वरातीमागून घोडं, म्हणाल तुम्ही.
म्हणा.
पण घोड्याला विचारलंय का कुणी,
रिकाम्या रस्त्यावर किती मजेत पळता येतं ते?

सोमवारी पहाटे, रात्रपाळी संपवून,
मी गाडीत बसून राहतो दुकान उघडेपर्यंत.
इथं ईरीत एप्रिलमध्येही सरोवरावरून बर्फ येतं,
वायपर कुरकुरतात.
आत, अगदी मागच्या फळीवर,
मार्शमॅलोची पिल्लं.
पिवळी, गुलाबी, आणि कुणालाच नको असलेली निळी,
खोक्यात पाच-पाच, एकमेकांना चिकटलेली.
काल दोन डॉलर, आज पन्नास सेंट.
गल्ल्यावरची लोइस आता ओळखते.
"यंदा किती?"
"बारा."
ती तेरावं खोकं पिशवीत सरकवते
आणि पावतीकडे बघत राहते.

डार्सीला ताजी चालत नाहीत.
ती अकरा वर्षांची आहे, मतं पक्की आहेत तिची:
पिल्लू शिळंच हवं.
वरची साखर दाताखाली कर्रकन मोडली पाहिजे,
आतलं मात्र चिवट,
लवकर हार न मानणारं.
म्हणून मी घरी येताच बारा खोकी फोडतो
आणि रेडिएटरवरच्या फळीवर रांगा लावतो,
खिडकीकडे पाठ, खोलीकडे तोंड.
सहा रात्री आम्ही एकत्र राहतो,
मी आणि एकशेवीस डोळे.
मंगळवारी मी त्यांच्याशी बोललो नाही.
बुधवारी बोललो.

विनीला युद्ध लागतं.
एका बशीत दोन पिल्लं, समोरासमोर,
दोघांच्या छातीत टूथपिकचा भाला,
मायक्रोवेव्हचं दार बंद, तीस सेकंद.
आणि मग शिळ्या कढीला ऊत!
पिल्लाचा कोंबडा होतो, कोंबड्याचा बैल,
बैलाला मान राहत नाही,
विनी काचेला नाक लावून किंचाळते,
ज्याचा भाला आधी रुतला तो जिंकला.
टिंग.
लगेच दोघंही खचतात,
दोघांची एकच गुलाबी चिखलवाडी.
विनी हरलेल्याला आधी खाते,
त्याला वाईट वाटू नये म्हणून.

तोवर डार्सी बुटांच्या खोक्यात काहीतरी मांडत बसलेली.
कात्री पाण्यात बुडवायची, म्हणजे चिकटत नाही,
हे मला माहीत नव्हतं.
मी वाकून पाहिलं:
उंच खुर्चीवर एक निळं पिल्लू,
इकडे एक पिवळं, तिकडे एक पिवळं,
मध्ये बाकावर दोन छोटी, कापून केलेली.
माझा घसा सुकला.
"हे… कोर्ट आहे का गं?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं पाढा चुकणाऱ्याकडे पाहतात.
"डॅड. दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम आहे.
एवढी साखर खाल्ल्यावर अजून कुठे जाणार ती?"

संध्याकाळी कोकोच्या मगात एकेक सोडलं.
विनीचं तरंगलं, डार्सीचं कललं,
माझं निळं पाठीवर पडून
हळूहळू स्वतःचा रंग सोडत गेलं,
मग सगळा कोको सरोवरासारखा करडा.
आम्ही प्यायलो.

सहा वाजता खाली हॉर्न वाजला.
विनीचा एक बूट सापडेना. सापडला.
डार्सी दारातून परत आली,
रेडिएटरवरची उरलेली सात पिल्लं
टोपीत भरू लागली.
"आईला. तिलाही शिळीच आवडतात."
मी गप्प.
"तुला ठाऊक नव्हतं?"

बारा वर्षं एका घरात राहिलो.
दर सणाला ताजं खोकं आणायचो,
रिबिन लावून.

मी फडताळातून लोइसचं तेरावं खोकं काढलं,
काट्यानं प्लास्टिकला भोकं पाडली,
जरा जास्तच पाडली,
आणि डार्सीच्या हातात दिलं.
"सांग तिला, शुक्रवारपर्यंत थांब म्हणावं."