रेडी, तालुका वेंगुर्ला

पासपोर्टात जन्मस्थान : रेडी.
रास अल खैमाच्या बंदरावर पहिल्या दिवशी
गेटवरच्या सुदानी शिपायाने ते वाचलं,
विचारलं, रेडी फॉर व्हॉट?
मला इंग्रजी येत होतं तेवढं बोललो : येस सर.
त्या उत्तरावर बावीस वर्षं नोकरी झाली.

काम हात दाखवण्याचं.
डोंगर फोडून आणलेला चुनखडक जहाजाच्या पोटात उतरतो,
क्रेनवरच्या गुलरेजला आतलं दिसत नाही,
म्हणून काठावर उभा राहून मी त्याचे डोळे होतो.
वॉकीटॉकी खरखरते : रेडी?
मी म्हणतो : रेडी.
दिवसातून तीनशे वेळा
माझ्या गावाचं नाव घेतल्याशिवाय
इथे दगड हलत नाही.

गावची धूळ लाल.
आईने बडवून बडवून आमचे गंजीफ्रॉक गुलाबी केले, पांढरे नाही झाले.
खाणीचं काम थांबलं आणि मी इकडे आलो.
इकडची धूळ पांढरी. संध्याकाळी नळावर
विशीतला पोरगा आणि मी
एकाच वयाचे दिसतो.

टाइमकीपर कुरियन डबा खाताना डिक्शनरी वाचतो.
पुठ्ठा गेलेला, एबीची पानं वाळवीने नेलेली.
एका दुपारी म्हणाला, कांबळी, तुझं गाव सापडलं.
रेडी, राइड, रोड, सगळी एकाच घरातली माणसं.
मुळात म्हणे खोगीर चढलेलं,
पाय रिकिबीत, निघायचंच बाकी.
मी म्हटलं, आमच्याकडे रेडी म्हणजे म्हशीची पोर.
दावं धरून ओढलीस तर
चारही पाय रोवते, आणि वर मुतते.
कुरियन हसता हसता ठसकला.
पण तेव्हापासून वॉकीटॉकीला
मला घोड्याच्या घामाचा वास येतो.

मुकादम खलफान ससाणे पाळतो.
माझ्या तोंडून ‘तयार’ ऐकून म्हणाला, हा तर आमचा.
तय्यार, म्हणजे उडणारा.
जुनी पिसं झडून नवी आली,
छातीवर बोट फिरवून मांस चाचपलं,
आता डोळ्यांवरची टोपी काढायची, बस.
म्हणून विमान तय्यारा.
मग तुम्ही तयारला काय म्हणता?
जाहिज, म्हणाला.
आणि लेकीबरोबर जे सामान पाठवतात ते जहाझ.
मी समोरच्या जहाजाकडे बघत राहिलो,
तो चहा ओतत राहिला.

घोडा, पंख, लेकीची पाठवणी.
एकाही शब्दाला
जागच्या जागी थांबता आलेलं नाही.
आमच्या म्हशीच्या पोरीचं तेवढं वेगळं.

गेल्या महिन्यात व्हिसा संपवला त्यांनी.
घरून रोज फोन : तयारी झाली मां?
झाली. तीस किलोचा खोका,
दोन ब्लँकेटं, दुधाची पावडर, कुकरच्या रिंगा सहा,
सुनंदाने सांगितलेला तो हिरवा बाम,
आणि माझी शिट्टी, जी कंपनीची आहे.

शेवटच्या पाळीला
गुलरेजने नेहमीप्रमाणे विचारलं : रेडी?
वीस टन डोक्यावर लोंबकळत.
बटण दाबलं होतं मी.
तोंड उघडलं, आणि तोंडात गाव आलं नाही.
समुद्राचा आवाज गेला असेल त्याला तेवढा.
गुलरेज थांबून राहिला. शहाणा माणूस.
दगडाच्या फटीतून भुकटी सांडत होती
माझ्या हेल्मेटवर, बारीक, चाळल्यासारखी.

मग शेजारच्या पोराने,
दांगचा दिलबहादूर, आठवडा झाला शिकतोय,
माझ्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतला,
आत वाकून बघितलं, नीट, दोनदा,
आणि म्हणाला : रेडी.

उतरला दगड.
त्याचा उच्चार माझ्याहून बरोबर होता.
शेवटचा स्वर लांब,
आमच्याकडे एसटीचा कंडक्टर
फाट्यावर ओरडतो तसा.